हिमातले पाणी

चितेगावहून पैठणचा रस्ता धरला, की नाथसागरात किती टक्के पाणी आहे, हाच आम्हां मित्रांचा पहिला प्रश्न असतो. २०१९ च्या डिसेंबरात आम्ही चौघे उत्तराखंडातील सांक्रीहून केदारकंठा चढलो. शिखर सुमारे साडेबारा हजार फुटांचे. बुटांना लोखंडी काटे बांधलेले. बर्फात गुडघ्यापर्यंत रुतलेला एक मित्र थांबून म्हणाला, "हे सगळं पाणीच ना रे?" कुणीच हसले नाही. या डोंगरांतले हिम वितळून टोन्समार्गे यमुनेला मिळते. ब्रह्मगिरीवर उगवणाऱ्या आमच्या गोदावरीला असा साठा नाही. तिची सारी भिस्त पावसावर. एक पावसाळा हुकला, की वर्ष हुकते. शिखरावरून स्वर्गारोहिणी लख्ख दिसत होती, आणि आमचे बोलणे चालले होते ते २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या रेल्वेचे.