केबल मुठीत धरून बघा

आमच्या सोसायटीत गच्चीवर खांब उभारायला परवानगी नाही. म्हणून चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या कठड्याला मी दीड मीटरचा व्हिप अँटेना बांधला, बुडाशी कॉइल लावली आणि दहा मीटर कोॲक्स केबल घरातून फिरवत रेडिओपर्यंत आणली. 7.1 मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी 42 मीटर. त्यापुढे दीड मीटर म्हणजे अगदीच आखूड. तरीही एसडब्ल्यूआर (जुळणीचा आकडा, जितका कमी तितका चांगला) 1.3 आला. लांबलांबची स्टेशनं लागू लागली. त्रास एकच, रेडिओच्या सिग्नल-मीटरवर एस-9 पर्यंत चढणारी खरखर.

एकदा मी ॲनालायझर लावून बसलो असताना मुलीनं पायात येणारी केबल उचलून बाजूला धरली. ‘‘बाबा, आकडा बदलला बघ!’’ 1.3 चे 1.8 झाले होते. तिनं केबल सोडली, पुन्हा 1.3.

तेव्हा उलगडा झाला. या फ्रिक्वेन्सीला तांब्यात प्रवाह जेमतेम 0.025 मिलिमीटर खोल शिरतो. त्यामुळे केबलच्या जाळीची आतली आणि बाहेरची बाजू म्हणजे जणू दोन वेगळ्या तारा. व्हिपमधल्या प्रवाहाला जोडीदार लागतो आणि मी अर्थिंगची तार दिलीच नव्हती. त्यानं जाळीची बाहेरची बाजू धरली. दहा मीटर म्हणजे जवळपास पाव तरंगलांबी, त्याला हवी तेवढीच. अशा व्हिपचा रेडिएशन रेझिस्टन्स अर्धा ओहम. त्याच्या तुलनेत लांबलचक केबलच जास्त प्रक्षेपण करत होती. घरातल्या वायरिंगलगत पडलेली ती केबल एलईडी दिव्यांची खरखरही गोळा करत होती.

मी केबलचे बारा वेढे फेराइट रिंगवर घेऊन जाळीच्या बाहेरचा प्रवाह अडवणारा हा चोक व्हिपच्या बुडाशी बसवला. एसडब्ल्यूआर थेट 4 वर गेला. वाईट वाटलं, पण व्हिपचं खरं मोजमाप मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं. मग प्रवाहाला जोडीदार म्हणून बाहेरच्या भिंतीलगत दहा मीटरची तार ताणून जाळीला जोडली, चोकच्या व्हिपकडच्या बाजूला. कॉइल नव्यानं जुळवली. ही तारही अँटेनाचाच भाग आहे, पण ती घराबाहेर आहे, मी ठरवलेल्या जागी. एसडब्ल्यूआर 1.6 वर आला, खरखर एस-6 वर उतरली.

छोट्या अँटेनाचं मोजमाप केबलसकटच होतं, हे आता मनात पक्कं बसलंय. म्हणून आकडा वहीत लिहिण्याआधी मी केबल मुठीत धरून टोकापर्यंत हात फिरवतो. आकडा जागचा हलला नाही, तरच तो अँटेनाचा.