स्पीकरची जाळी

मुलांनो, गाडीत गाणं लागलं की आवाज कुठून येतो, हे कधी शोधलंय? दाराच्या खालच्या बाजूला किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर बारीक भोकांची एक जाळी दिसते. तिच्या मागं स्पीकर असतो. त्या जाळीकडं सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही. आमच्या गाडीतल्या दोन्ही जाळ्या गेल्या उन्हाळ्यात तुटल्या, आणि मला चांगलं तीन रविवारांचं काम लागलं. त्याचीच ही हकिगत.

गाडी आहे मारुती ८००, १९९८ सालची. या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत एका गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि २०१४ साली त्या बनवणं थांबलं. तुमच्या आईबाबांना विचारून बघा, त्यांच्या लहानपणी गल्लीतली पहिली गाडी बहुधा हीच असेल! माझ्या बाबांनी ती २००४ मध्ये जुनीच घेतली. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ते कुठं काय बिघडलंय ते सांगत.

पुढं काचबिंदूनं बाबांची नजर गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, बरं का. आता गाडी मी चालवते. बाबांचा मात्र एक नेम होता. रोज संध्याकाळी अंगणात उभ्या असलेल्या गाडीत ते मागच्या सीटवर जाऊन बसत. माझी तिसरीतली लेक पुढं बसून त्यांना जुन्या भावगीतांच्या कॅसेट लावून देई. बॅटरी उतरू नये म्हणून अर्धाच तास. आजोबा-नातीचा तो अर्धा तास कुणी मोडायचा नाही, असा आमच्या घरचा अलिखित नियम.

आणि एके दिवशी बाबा गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. विचारलं तर म्हणाले, "खरखरतंय." एवढंच. आठवडा झाला, दोन झाले. संध्याकाळी ते नुसते ओसरीवर बसून राहू लागले. एक नातेवाईक म्हणाले, "कशाला ठेवलीय ही गाडी? भंगारवाल्याला देऊन टाका." बाबा काही बोलले नाहीत. ते गप्प बसले, तेच मला टोचलं.

मग एका रविवारी मी स्पीकर बघायला घेतले. हे स्पीकर कारखान्यातून आलेले नव्हते. बाबांनीच पुढं दुकानातून बसवून घेतलेले, लंबगोल, सहा बाय नऊ इंचांचे. त्यांच्यावरच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळ्या राखाडी पडल्या होत्या. बोट लावलं तर जुन्या पापडासारखा तुकडा मोडून हातात आला. तो दोष उन्हाचा. मागच्या काचेतून त्या फळीवर वर्षानुवर्षं ऊन पडतं. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि तापण्यानं त्या साखळ्या तुटत जातात आणि लवचीक वस्तू ठिसूळ होते. अंगणात राहिलेली प्लास्टिकची बादली आठवा.

पण जाळी तुटली म्हणून आवाज का बिघडावा?

स्पीकरच्या पोटात एक चुंबक असतं. चुंबकाच्या गोल खाचेत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, आणि ते वेटोळं एका कागदी शंकूच्या बुडाला चिकटवलेलं. तारेतून वीज गेली की वेटोळंही चुंबकासारखं वागतं. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी तारेतल्या विजेनं होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं होतं ना, तीच ही गोष्ट. वीज उलटसुलट वाहते तसं वेटोळं पुढं-मागं नाचतं, त्याच्याबरोबर शंकू नाचतो, शंकू हवेला ढकलतो आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी अशा स्पीकरची रचना मांडली. आजचे बहुतेक स्पीकर त्याच वळणाचे आहेत.

शंकू कागदाचा, म्हणजे किती नाजूक! त्याला बोट, पेन, नाणं, सांडलेला चहा यांपासून वाचवायचं काम जाळीचं. आमच्या डाव्या स्पीकरच्या शंकूत जाळीचेच चार-पाच तुकडे पडले होते. शंकू हलला की ते थडथडत. उजव्या जाळीचा खटका तुटून ती सैल झाली होती, तिची वेगळी खरखर. मी काही सांगायच्या आत बाबा अंगणातून काठी टेकत आले, मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "गाणं लाव." दोन्ही फळ्यांवर तळवा ठेवून म्हणाले, "डावीकडं आत काहीतरी पडलंय. उजवीकडं वरचं सैल आहे." डोळ्यांनी बघून मला अर्धा तास लागला होता!

आमच्या मिरजेत तंबोरे बनतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून कारागीर तिला झंकारायला लावतात, ती जवारी. तो झंकार हवाहवासा. आमच्या गाडीतला नको असलेला. थरथर दोन्हीकडं सारखीच की हो!

जुन्या जाळ्या काढताना लेकीनं लगेच स्क्रू ड्रायव्हर पुढं केला. तो मी बाजूला ठेवायला लावला. लोखंडी टोक चुंबकाकडं ओढलं जातं आणि निसटलं तर थेट कागदातून आरपार. आम्ही प्लास्टिकची पट्टी कापडात गुंडाळून कडेखाली सरकवली आणि थोडं थोडं उचकटत गेलो. हे काम दुपारी केलं, कारण थंड प्लास्टिक आणखी कडक होतं आणि लवकर तुटतं. गंजलेल्या स्क्रूंवर तेलाचा एकेक थेंब सोडून रात्रभर थांबलो, मग ते गुमान फिरले. शंकूतले तुकडे लेकीनं मऊ ब्रशनं काढले.

नव्या जाळ्यांसाठी सांगली झाली, कोल्हापूरचं उद्यमनगर झालं. सहा बाय नऊच्या जाळ्या मिळत होत्या, पण त्यांची स्क्रूची भोकं आमच्या स्पीकरशी जुळेनात. एका दुकानात सांगितलं, "ताई, जाळीचं काय घेऊन बसलात, स्पीकरची जोडीच नवी घ्या." धडधाकट स्पीकर केवळ झाकण नाही म्हणून टाकून द्यायचा? मला पटेना.

मग घरीच करायचं ठरलं. लेकीनं स्पीकरच्या कडेवर वर्तमानपत्र धरून वरून पेन्सिल घासली, नाण्याचा छाप घेतो ना, तशी. लंबगोल उमटला, पण स्क्रूची भोकं नीट उमटली नाहीत. बाबांनी कागद तसाच धरायला सांगितला, बोटानं कड चाचपली आणि चार ठिकाणी नखानं खुणा केल्या. पट्टीनं तपासल्या. चारही बरोबर!

त्या छापावरून शेजारच्या सुतारकाकांनी सहा मिलिमीटर जाड प्लायवूडची दोन कडी कापून दिली. कानस मारून ती आम्ही गुळगुळीत केली. कड्यावर पत्र्याची बारीक जाळी बसवली. ती मात्र गाडीपासून लांब, ओट्यावर बसून कापली, कारण लोखंडाचा कीस चुंबकाच्या खाचेत शिरला तर निघता निघत नाही. जाळीवर काळं कापड ताणून लावायचं होतं. जुन्या मर्फी रेडिओच्या तोंडावर विणलेलं कापड असायचं, तसं. कापड कुठलं घ्यायचं, त्याची परीक्षा सोपी आहे. तोंडासमोर धरून फुंकर मारायची. पलीकडच्या तळहाताला फुंकर सहज लागली, तर आवाजही जाईल. माझ्या जाड पडद्याचं कापड नापास झालं आणि जुनी ओढणी पास!

लेकीनं विचारलं, "आई, मध्ये एवढ्या तारा, आवाज अडत नाही?" मी तिला कृष्णेचा घाट आठवायला सांगितला. पाण्यात रोवलेल्या काठीला लाट वळसा घालून पुढं जाते. आवाजाच्याही लाटा असतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला १०० कंपनं असलेल्या खर्जातल्या स्वराची एक लाट ३.४ मीटर लांब भरते, आमच्या गाडीइतकी! ३,४०० कंपनांच्या बारीक स्वराची लाटसुद्धा १० सेंटिमीटर. तिच्यापुढं जाळीची तार म्हणजे सुईच.

बसवायच्या आधी बाबांनी विचारलं, "शंकूला जागा ठेवलीस?" जुन्या जाळ्या मध्ये फुगीर होत्या, कारण मोठ्या आवाजात शंकू बराच वर येतो. आमची जाळी सपाट. म्हणून कड्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांचे दोन थर दिले. जागाही झाली आणि लाकूड थरथरायचंही थांबलं. स्क्रू बाबांनी स्वतः पिळले, चारही थोडे थोडे, समोरासमोरचे.

त्या संध्याकाळी लेकीनं कॅसेट लावली. मी दाराशी उभी राहिले. खरखर नाही, थडथड नाही. बाबा मान तिरकी करून पहिलं अख्खं गाणं ऐकत होते. कडवं संपलं तसे म्हणाले, "गाणं जरा संथ चाललंय. टेपमधला रबरी पट्टा सैल झालाय. आधी खरखरीत कळत नव्हतं."

लेक लगेच म्हणाली, "आजोबा, मग तो कधी उघडायचा?"

"रविवारी," बाबा म्हणाले. "आता ती दुसरी बाजू लाव."