दीक्षारंभ, पण कॉलेजातला



आपल्या घरात ‘दीक्षा’ हा शब्द नुसता उच्चारला तरी बायकांच्या हातातलं काम थांबतं. गेल्या वर्षी नातीने जेवताना सांगितलं, “आजी, दीक्षारंभसाठी माझं नाव आलंय,” तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई ‘अनुमोदना, अनुमोदना’ म्हणत डोळे पुसायला लागल्या. सूनबाईचा तर घासच अडकला.

प्रकरण तसं नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली कॉलेजांसाठी एक मार्गदर्शिका काढली, नव्या मुलांना पहिल्या दिवसांत कसं सामावून घ्यायचं याची. तिचं नाव दीक्षारंभ. त्याआधीच तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा असा कार्यक्रम ठरवून दिला होता. साधारण वीस मुलांमागे एक शिक्षक मार्गदर्शक असतो. नातीच्या कॉलेजात त्या शिक्षकांच्या हाताखाली वरच्या वर्गातली मुलं-मुलीही घेतात. तिच्या वाट्याला दहा जण आले होते.

मी बी.कॉम. असल्यामुळे आधी नावे-जमा मांडलं. जमेला एक टी-शर्ट आणि एक सर्टिफिकेट. नावे बाजूला तीन आठवडे, घसा आणि तिचं स्वतःचं सबमिशन. सूनबाईचं म्हणणं, “फुकटची हमाली कशाला?” तिचं अगदीच चुकत नव्हतं. पण तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्याचे दहा प्रकार सांगितलेत, त्यात आचार्य, तपस्वी, आजारी साधू यांच्याबरोबर ‘शैक्ष’ही आहे, म्हणजे नुकताच शिकायला लागलेला नवा साधू. नवखेपण हे सुद्धा सेवेला पुरेसं कारण मानलंय. आणि कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजात जन्मले. मुलांच्या वसतिगृहाची चूल विझू नये म्हणून त्यांच्या लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं होतं. आपली पोरगी तीन आठवडे द्यायला निघाली तर आपण हिशोब काढायचा का? एवढं मी बोलले आणि भांडी आवरायला उठले.

हे काम म्हणजे लायब्ररी कुठे, प्रिन्सिपॉलची केबिन कुठे हे दाखवणं, असं मला वाटायचं. त्याला बोर्ड पुरतात. आमच्या मावळात खरा प्रश्न पावसाचा आहे. लातूर-बीडकडची मुलं येतात, त्यांना इथला पाऊस म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. तीन-तीन दिवस कपडे वाळत नाहीत, गादीला कुबट वास येतो, धुक्यात समोरची इमारत दिसत नाही. घरची आठवण निम्मी त्या ओलीतूनच येते असं माझं मत आहे. नात त्यांना बुटात वर्तमानपत्र कोंबायला शिकवायची, जीन्स आणू नका म्हणायची, वीज जाण्याआधी फोन चार्ज करून ठेवा म्हणायची. कुठल्याही छापील पुस्तिकेत हे नसतं.

आणि पाणी. नव्या मुलांना शनिवार आला की धबधबा दिसतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चार जीव गेले. तळेगावपासून ते किती लांब? नातीच्या गटातली मुलं गेल्या वर्षी भुशीला जायचं ठरवून बसली होती. तिने भाषण केलं नाही. तिने त्यांना रविवारी कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढायला आणि लेणी बघायला नेलं. घामही निघाला आणि फोटोही निघाले.

जेवणाची गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल. तिच्या दहांत आपल्या दोन मुली होत्या. पर्युषण नेमकं त्याच दिवसांत, आणि मेसचं रात्रीचं जेवण आठ वाजता. दोघी लाजेने काही बोलत नव्हत्या, दुपारच्या दोन पोळ्या रुमालात बांधून ठेवत होत्या. नातीने मेसच्या मावशींना गाठून सूर्यास्तापूर्वी दोन ताटं वेगळी काढायला लावली, कांदा-बटाटा टाळून. मी खाखऱ्याचे डबे पाठवले. एवढ्याने होतं, पण विचारायला कुणीतरी लागतं.

सीनियर म्हटलं की आमच्या काळी पोटात गोळा यायचा. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तरी २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा १९ वर्षांचा मुलगा रॅगिंगच्या मारहाणीत गेला. त्यानंतर देशभरासाठी कडक नियम आले, आणि आता मुलं आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतात. आपण ते न वाचता सही करतो, ते वेगळं. रॅगिंगच्या तक्रारीचा नंबर १८००-१८०-५५२२ आहे, ज्यांची नातवंडं यंदा बाहेर चालली आहेत त्यांनी लिहून ठेवा.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. दुसऱ्या आठवड्यात रात्री पावणेअकराला नातीला फोन आला. गटातली एक मुलगी, मराठवाड्यातली. “ताई, मी पहाटे निघून जातेय. घरीही सांगितलेलं नाही. तुम्ही कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या.” नात ‘हो’ म्हणून बसली होती. मुलगी दोन दिवस मेसमध्ये गेली नव्हती. वर्गात सगळं इंग्रजीत, बारावीला चांगले मार्क मिळवलेल्या त्या पोरीला पहिल्यांदाच काही कळेना. आणि फोन ठेवताना ती म्हणाली होती, घरी जाईनच असंही नाही.

हे शेवटचं वाक्य नातीने मला सांगितलं तेव्हा तिचे हात गार पडले होते. “आजी, मी शब्द दिलाय.” मी म्हटलं, “पच्चक्खाण मोडायचं नाही हे तुला मीच शिकवलं. पण पच्चक्खाण आपल्या ताटाचं असतं, दुसऱ्याच्या जिवाचं नसतं.” तिने आधी त्या मुलीलाच परत फोन लावला. “मी रेक्टर मॅडमना सांगणार आहे, आणि तुला सांगून सांगतेय.” मुलीने फोन आपटला. मग मॅडमना फोन. त्या तशाच वर गेल्या आणि रात्रभर तिच्या खोलीत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आले. जाताना त्यांनी नातीला हात जोडले. मुलीने तिच्याकडे बघितलंही नाही.

ती दहा दिवसांनी परत आली. गट बदलून घेतला. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला, बाकी सुटले. नातीशी अजून बोलत नाही. कॉरिडॉरमध्ये समोर आली तर जिना बदलते. नातीला ते लागतं. मी समजूत काढायला जात नाही. लागू दे थोडं, वीस वर्षांच्या मुलीने उचललेलं ओझं होतं ते, हलकं म्हणून कसं चालेल? सूनबाईने मात्र तेव्हापासून ‘फुकटची हमाली’ हे शब्द काढलेले नाहीत.

अशा वेळी मोठ्यांसाठीही एक नंबर आहे, तोही ठेवा: टेली-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

यंदा तिने पुन्हा नाव दिलंय. पहिल्या दिवशी गटाला काय सांगायचं ते वहीत लिहून काढलंय. शपथा घ्यायच्या नाहीत हे सगळ्यात वर आहे: मला काहीही सांगा, पण जिवाचा प्रश्न असेल तर मी ते माझ्यापाशी ठेवणार नाही. त्याखाली भुशी आणि कुंडमळा, त्याखाली बुटातला कागद. गटाची यादी अजून आलेली नाही. मेसच्या मावशींशी तिचं बोलणं झालंय, सूर्यास्तापूर्वीची ताटं किती ते यादी आली की कळवायचं.