नऊ कॉलेजांचा हिवाळा

इलिनॉयमधला मका ऑक्टोबर संपता संपता कापून होतो. मग मार्चपर्यंत ब्लूमिंग्टनच्या चारी बाजूंना धसकटांची रानं, उघडी काळी माती आणि तिच्यावरून अडथळ्यावाचून येणारा वारा. डिसेंबरात साडेचारला दिवस बुडतो. या काळोख्या महिन्यांत गावातलं सगळ्यात उजेडाचं ठिकाण कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी एमर्सन स्ट्रीटवरच्या शर्क सेंटरचं नाव सांगेन. इलिनॉय वेस्लियन विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ तिथे खेळतो. आत पाऊल टाकताच पॉपकॉर्नचा वास येतो, लाकडी मैदानावर बुटांची करकर ऐकू येते, कोपऱ्यात विद्यार्थ्यांचा बँड ट्रम्पेट जुळवत असतो आणि बाकांवर मांडीखाली हिरव्या गाद्या घेऊन बसलेली सत्तरीतली माणसं दोन्ही संघांचा सराव डोळ्यांत तेल घालून पाहत असतात.

मी लातूरकडचा. स्टेट फार्म या विमा कंपनीचं मुख्यालय ब्लूमिंग्टनला आहे आणि तिच्या संगणकाच्या कामांसाठी आलेली मराठी कुटुंबं इथे बरीच आहेत. त्यांतले बहुतेक जण क्रिकेट पाहतात, मुलांना बुद्धिबळाला नेतात, दिवाळीला फराळ करतात. मीही हे सगळं करतो. पण माझा हिवाळा जातो तो सीसीआयडब्ल्यूमध्ये. कॉलेज कॉन्फरन्स ऑफ इलिनॉय अँड विस्कॉन्सिन हे तिचं पूर्ण नाव. १९४६ साली ती स्थापन झाली. आज तिच्यात नऊ कॉलेजं आहेत: आमचं वेस्लियन, डिकेटरचं मिलिकिन, मिसिसिपीच्या काठी रॉक आयलंडला ऑगस्टाना, शिकागोत नॉर्थ पार्क, नेपरव्हिलला नॉर्थ सेंट्रल, आपापल्या गावाचंच नाव लावणारी व्हीटन आणि एल्महर्स्ट, आणि सरहद्दीपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये केनोशाचं कार्थेज नि वॉकेशाचं कॅरोल. कुणी मेथडिस्टांनी काढलेलं, कुणी स्वीडनहून आलेल्या लुथरन लोकांनी. वेस्लियन १८५० सालचं, ऑगस्टाना १८६०चं.

ही सगळी कॉलेजं अमेरिकन कॉलेज-क्रीडेच्या तिसऱ्या विभागात येतात. हा विभाग १९७३ साली वेगळा झाला आणि त्याचा मुख्य नियम एका वाक्यात सांगता येतो: खेळ चांगला आहे म्हणून कुणाला शिष्यवृत्ती द्यायची नाही. मदत मिळेल ती अभ्यासावर किंवा घरच्या गरजेवर. म्हणजे समोर जो सहा फूट सात इंचांचा मुलगा रिबाउंडसाठी अंग झोकून देतोय, त्याने सकाळी लेखाशास्त्राची परीक्षा दिलेली असते आणि त्याचे आईवडील फी भरताहेत. २०२१पासून मोठ्या विद्यापीठांतल्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसे घेता येऊ लागले, २०२५पासून ती विद्यापीठं त्यांना मिळकतीतला थेट वाटाही देऊ लागली. त्यांना तो मिळायलाच हवा होता. त्यांच्या घामावर वाहिन्या चालतात. पण शर्क सेंटरमध्ये बसलं की खेळाची दुसरी एक तऱ्हा पुढ्यात असते. ती मला आवडते आणि जपावीशी वाटते.

इथून कुणी मोठं होतच नाही असं मात्र नाही. जॅक सिक्माची गोष्ट ब्लूमिंग्टनमध्ये अजूनही सांगितली जाते. ती आळीपाळीने सांगितली जाते, कारण प्रत्येकाकडे तिचा आपापला तुकडा आहे. कँकाकीजवळच्या शेतवस्तीतला हा मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षांत भराभर उंच झाला. त्याला आधी हेरलं ते वेस्लियनचे प्रशिक्षक डेनी ब्रिजेस यांनी. मोठ्या विद्यापीठांना उशिरा जाग आली, पण तोवर सिक्माने ठरवलं होतं आणि तो ठरवल्यावरून हलला नाही. अंगाने किडकिडीत, त्यामुळे टोपलीखाली धष्टपुष्ट खेळाडूंच्या रेट्यापुढे टिकाव लागेना. मग ब्रिजेसनी त्याच्याकडून एक चाल घोटून घेतली. टोपलीकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, आतल्या पायावर उलटं वळून बचावपटूसमोर यायचं, चेंडू खाली आणायचाच नाही, आणि डोक्याच्याही मागून, कुणाचा हात पोचणार नाही अशा उंचीवरून टाकायचा. १९७७ साली सिअॅटलच्या संघाने त्याला आठव्या क्रमांकावर निवडलं. १९७९ साली तो संघ एनबीए जिंकला तेव्हा सिक्मा त्याचा सेंटर होता. सात वेळा तो ऑल-स्टार झाला. १९८७-८८च्या हंगामात त्याने फ्री थ्रोंमध्ये शंभरातले बाण्णवहून जास्त टाकले आणि त्या यादीत पहिला आला. सेंटरच्या जागी खेळणाऱ्याने हे करणं अपूर्वच. २०१९ साली त्याचं नाव नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये लागलं. ती चाल आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. मक्याच्या रानात, दोन-अडीच हजार माणसांसमोर, एका प्रशिक्षकाने एका हडकुळ्या मुलाच्या अडचणीवर काढलेला तो उपाय होता.

ब्रिजेस स्वतः वेस्लियनचेच विद्यार्थी. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून २००१पर्यंत त्यांनी हा एकच संघ सांभाळला, सहाशेहून जास्त सामने जिंकले. १९९७ साली व्हर्जिनियातल्या सेलममध्ये त्यांच्या संघाने नेब्रास्का वेस्लियनला ८९-८६ असं हरवलं आणि विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्या संघाचा नायक ब्रायन क्रॅबट्री. हे मी पाहिलेलं नाही, पण इतक्या जणांकडून, इतक्या बारकाव्यांसकट ऐकलंय की शेवटची दोन मिनिटं मला पाठ आहेत. आजचे प्रशिक्षक रॉन रोझ ब्रिजेसच्याच हाताखाली खेळलेले. आखाड्यात वस्तादाची विद्या शिष्यामार्फत पुढे जाते, तसं इथे बऱ्याच कॉलेजांत दिसतं.

बाहेरगावच्या सामन्यांना जायला मला फार आवडतं. डिकेटर पाऊण तासावर. ते गाव सोयाबीनची राजधानी म्हणून मिरवतं आणि तिथे पोचायच्या आधीच बंद काचांतून वास आत येतो. भाजल्यासारखा, थोडा ओलसर, तेलकट वास. लातूरच्या एमआयडीसीतल्या तेल गिरण्यांजवळून सायकलने जाताना नाकात बसलेला हा वास मला या देशात सापडेल असं कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडच्या अडत बाजारात सोयाबीनचा भाव पडला की शिकागोच्या वायदे बाजाराचं नाव निघायचं. लहानपणी शिकागो म्हणजे मला भाव पाडणारा कुणी माणूसच वाटे. मिलिकिनच्या जिममध्ये बसलेल्या शेतकऱ्यांनाही मध्यंतरात भावाबद्दल बोलताना ऐकलंय. त्यांचीही तक्रार शिकागोबद्दलच असते.

नॉर्थ पार्कचा सामना असला की घरातून यादी मिळते, कारण ते कॉलेज देशी दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूपासून गाडीने काही मिनिटांवर आहे. ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, जाड पोहे, कडीपत्ता डिकीत टाकायचा आणि मग जिम गाठायची. नॉर्थ पार्कने १९७८, ७९ आणि ८० असे सलग तीनदा राष्ट्रीय चषक जिंकले, पुढे १९८५ आणि १९८७ साली आणखी दोन. १९८७नंतर तो चषक त्यांच्याकडे परत गेलेला नाही. मला तिथे गेल्यावर वेगळंच वाटतं. एवढ्याशा कॉलेजाने पाच वेळा देश जिंकला आणि बाहेरच्या रस्त्याने जाणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. माझ्या मते त्या भिंतीवरच्या पाच पताका शिकागोच्या क्रीडा-इतिहासात वरच्या रांगेत हव्यात. हे मी तिथल्या लोकांनाही सांगतो. त्यांना ते आवडतं.

कॉन्फरन्समध्ये प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. खरा रस मला दुसऱ्या भेटीत आहे. पहिल्या सामन्यात आपल्या पॉइंट गार्डला त्यांनी डावीकडे ढकललं होतं; आता तो डाव्या हाताचा सराव करून आलेला असतो. ते ओळखून त्यांनी दुहेरी पहारा लावलेला असतो. तोही ओळखून आपण कोपऱ्यात एक नेमबाज मोकळा सोडलेला असतो. कुठलं गुपित उरलेलंच नसतं. प्रशिक्षकाने हात वर केला की समोरच्या बाकावरचा बदली खेळाडू आपल्या गड्यांना डावाचं नाव ओरडून सांगतो. एवढं उघड असूनही टोपली होते तेव्हा ती निव्वळ कसबाने झालेली असते. आणि चार वर्षं हे पाहत राहिलं की परक्या संघातली मुलंसुद्धा आपल्यासमोर वाढतात. ऑगस्टानाचा एखादा मुलगा पहिल्या वर्षी घाबरून चेंडू घालवताना पाहिलेला असतो. तोच चौथ्या वर्षी शर्क सेंटरमध्ये, सगळं घर अंगावर ओरडत असताना, दोन फ्री थ्रो शांतपणे टाकून आपल्याला हरवून जातो. मनात चीड येते आणि तिच्या जोडीने एक कौतुक. हा आपल्यापुढेच शिकला, असं.

हे सगळं भावकीसारखं आहे. बांधावरून वर्षभर भांडायचं, पण बाहेरच्या गावाशी प्रसंग आला की एकाच पंगतीला बसायचं. त्यामागे व्यवहारही आहे. कॉन्फरन्सच्या फेब्रुवारीअखेरच्या स्पर्धेत जो जिंकेल त्याला चौसष्ट संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. बाकीच्यांनी सोमवारच्या यादीची वाट पाहायची. निवड करताना पाहिलं जातं की तुम्ही कुणाशी खेळलात आणि ते किती तगडे होते. म्हणून ऑगस्टानाने नोव्हेंबरात बाहेरच्यांशी जिंकावं, जानेवारीत आमच्याशी हरावं आणि मार्चमध्ये पुन्हा जिंकावं, असं माझं मागणं असतं. सुरुवातीला हे हिशेबाने होतं. आता ते मनापासून होतं. नोव्हेंबरातल्या शनिवारी रात्री मी आधी वेस्लियनचा निकाल बघतो आणि मग उरलेल्या आठांचे, आणि कॅरोल कुठल्या दूरच्या संघाकडून चार गुणांनी हरलं असेल तर जेवण जरा मुकाट्याने होतं. ज्याला फक्त आपला संघ हवा आहे त्याला हे कळणार नाही. मला वाटतं, त्याचं थोडं नुकसानही होतं.

मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेला खिशाच्या मर्यादा आहेत. विमानाचा खर्च नको म्हणून पहिल्या फेऱ्यांत साधारण पाचशे मैलांच्या आतले, बसने येऊ शकतील असे संघ एकत्र आणतात. त्यामुळे मध्यपश्चिमेतले बलवान संघ आपसांतच लवकर भिडतात आणि इकडचा चांगला संघ दुसऱ्याच आठवड्यात घरी येतो. हे अन्यायाचं आहे असं माझं ठाम मत आहे. तरीही आमचे संघ शेवटपर्यंत पोचतात. २०१४ साली वेस्लियन अखेरच्या चारांत होतं. त्याच चारांतल्या विल्यम्स कॉलेजकडून डंकन रॉबिन्सन नावाचा पोरगेला खेळाडू खेळत होता. पुढे तो मिशिगनला गेला आणि तिथून मायामीच्या संघात.

२०१७ साली ऑगस्टाना अंतिम सामन्यात बॅब्सनकडून हरलं. ७९-७८. एका गुणाने. ज्यांच्या पराभवासाठी मी त्याच हंगामात घसा बसेपर्यंत ओरडलो होतो, त्यांच्यासाठी त्या रात्री मला झोप आली नाही. निळ्या-पिवळ्या कपड्यांतली ती मुलं जमिनीवर बसलेली पाहून वाटलं, यांना आपण ओळखतो. यांतला कोण डावखुरा, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची आजी प्रत्येक सामन्याला येते, हे आपल्याला ठाऊक आहे. २०२२ साली फोर्ट वेनला एल्महर्स्ट अंतिम फेरीत गेलं तेव्हाही मी त्यांचाच होतो. रँडॉल्फ-मेकनने त्यांना ७५-४५ असं धुऊन काढलं. तीस गुणांचा पराभव पाहणं कठीण असतं, पण शेवटच्या मिनिटाला प्रशिक्षकांनी चौथ्या वर्षाच्या मुलांना एकेक करून बाहेर घेतलं आणि प्रत्येकाला मिठी मारली, तोवर मी पडद्यासमोरून उठलो नाही.

मुलींचा संघही असाच. २०१२ साली मिया स्मिथ यांच्या वेस्लियन संघाने जॉर्ज फॉक्सला हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं, आणि माझ्या मते गावाने त्याचा पुरेसा गाजावाजा केला नाही. त्यांचे सामने बहुधा मुलांच्या आधी होतात. मी लवकर जातो. मराठी कुटुंबांतल्या शाळकरी मुलींना सोबत घेतो. त्यांच्यातली एक आता शाळेच्या संघात आहे आणि सिक्माची ती वळण्याची चाल अंगणात घोटते. तिची आई खिडकीतून ओरडते, अगं बाई, बोटं गोठतील, आत ये. ती आणखी एकदा टाकते, मग आणखी एकदा.

फेब्रुवारीत शेवटच्या घरच्या सामन्याआधी चौथ्या वर्षाच्या खेळाडूंना आईवडिलांसोबत मैदानावर बोलावतात. एकेकाचं नाव, गाव, विषय सांगतात: रसायनशास्त्र, विमागणित, शिक्षणशास्त्र. बहुतेकांच्या आयुष्यातलं स्पर्धेचं बास्केटबॉल त्या महिन्यात संपतं. कुणी हिशेबनीस होतो, कुणी गावाकडच्या शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी मुलांना खेळायला शिकवतो. पाहुण्या संघाचे चाहतेही त्या वेळी उभे राहून टाळ्या देतात. मागच्या खेपेला रॉक आयलंडहून आलेले एक निवृत्त गृहस्थ माझ्या शेजारी होते, ऑगस्टानाचे पक्के. त्यांनी आमच्या पाचही मुलांसाठी टाळ्या वाजवल्या आणि खाली बसल्या बसल्या त्यांच्याकडे पुढच्या वर्षी येणाऱ्या एका गार्डबद्दल सांगू लागले. पोरगा झपाट्याने वर उठतो म्हणे, पण डावा हात कच्चा आहे. मी ते लगेच ध्यानात ठेवलं. नोव्हेंबरात त्याचा पहिला सामना परक्या कॉन्फरन्सच्या संघाशी आहे. तो त्याने जिंकलाच पाहिजे. डाव्या हाताचं जानेवारीत बघू.