पश्चिमेची भिंत

माझं माहेर साताऱ्याकडचं. घर म्हटलं की काळा दगड, एवढंच मला ठाऊक. लग्नानंतर लांज्याजवळच्या सासरच्या घरी आले आणि तांबड्या, भोकाभोकांच्या भिंती पाहून वाटलं, यांचा गिलावा राहूनच गेलाय की काय! सासूबाई हसल्या. "अगं, हा जांभा. याला वारा लागला की तो घट्ट होतो."

आणि ते खरंच आहे हं! खाणीतून निघालेला चिरा ओला आणि मऊ असतो. पूर्वी तो हातानं तासून काढत, आता यंत्राची करवत फिरते. मग दोन-तीन महिने उघड्यावर रचून ठेवला की तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज सरकारच्या डॉक्टरांनी मलबारात लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून १८०७ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' म्हटलं.

यंदा मे महिन्यात माझे शाळेचे पेपर तपासून झाल्यावर आम्ही गावी गेलो, तर पश्चिमेच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा फुगलेला. बोटानं वाजवला तर पोकळ. एक पोपडा काढला आणि तांबडा भुगा ओंजळीत आला. भाऊजी म्हणाले, "पाडू या ही भिंत. विटांची बांधू." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री पानावरून अर्ध्यावर उठल्या. मामंजींनी एकेक चिरा स्वतः निवडून बांधलेलं घर ते!

गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावलं. त्यानं हातोडीनं चिरे ठोकून पाहिले. "खणखणीत वाजतो तो ठेवायचा, बद्द वाजतो तो काढायचा." (विटेचंही तसंच, आपण बाजारात मडकं वाजवून घेतो ना, अगदी तसं.) पांढऱ्या-पिवळ्या मातीचे डाग असलेला चिराही कच्चा. तसे सातच निघाले. मग म्हणाला, "वहिनी, जांभा पाणी पितो नि सोडतो. सिमेंटनं तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. जोत्यातून चढलेली ओल जाणार कुठं? पण इथली पडवी कुणी काढली?"

मी गप्प. आठ वर्षांपूर्वी खोलीत उजेड हवा म्हणून पडवी काढायचा हट्ट माझाच होता. पाऊस भिंतीवर यायला लागला, म्हणून मग सिमेंट.

त्याच आठवड्यात मामेबहिणीच्या लग्नाला गोव्याला जायचं होतं. करमळी स्टेशनवर उतरून जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च पाहिलं. १६०५ सालचं, जांभ्याचंच. दर्शनी भागातलं कोरीव काम मात्र वसईहून आणलेल्या काळ्या दगडात! माहेरचं कुणी भेटल्यासारखं मी त्याच्याकडे पाहत राहिले. या चर्चला पूर्वी बाहेरून चुन्याचा गिलावा होता. दगड दिसावा म्हणून १९५० नंतरच्या दशकात तो खरवडून काढला आणि तेव्हापासून पाऊस दगड झिजवतो आहे. आपल्या घरांचा जांभा उघडा चालतो, तो खाली उतरलेल्या छपरामुळे आणि पडवीमुळे. इतक्या उंच भिंतीला कुठली पडवी? तिथं चुनाच हवा. चुना ओल बाहेर जाऊ देतो.

परत आल्यावर मी सगळं सांगितलं, माझ्या हट्टासकट. ह्यांनी दोन दिवस कागदावर आकडे मांडले. शेवटी ठरलं की भिंत पाडायची नाही. सिमेंट काढून, सात चिरे बदलून ती पावसाळाभर झापांच्या आड सुकू द्यायची. दिवाळीनंतर पडवी आणि चुन्याचा गिलावा. चुना घरी विरवणार असाल तर लोखंडी पिंप घ्या आणि मुलांना दूर ठेवा. पाणी घातलं की तो उकळतो, प्लास्टिकची बादली वितळेल.

निघण्याआधी सासूबाईंनी मला नारळाच्या झावळ्यांची झापं विणायला बसवलं. माझं पहिलं झाप वाकडं झालं. त्यांनी काही न बोलता ते आतल्या बाजूला बांधलं.