मजकूर साधा, नियम काटेकोर

व्हॉट्सॲपवर एखादा शब्द ठळक करायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना तारका टाकायच्या, हे आता शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत अनेकांना ठाऊक असते. तारका नाहीशा होतात आणि शब्द ठळक दिसतो. या बदलामागे एक प्रोग्राम असतो. कोणती तारका ही खूण आहे आणि कोणती नुसतीच तारका, हे तो ठरवतो. साध्या मजकुरात अशा मोजक्या खुणा पेरण्याच्या पद्धतीला हलके मार्कअप म्हणतात आणि त्यातली सर्वांत जास्त पसरलेली पद्धत म्हणजे मार्कडाउन. मार्कडाउनमधला मजकूर वाचून त्याचे एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला समजणारे रूप, करणारा एक छोटा मुक्त-स्रोत प्रोसेसर मी लिहिला आणि बरीच वर्षे त्याची देखभाल करते आहे. खुणा ओळखणे हा या कामातला सोपा भाग. लेखकाला दिलेला शब्द पाळणे हा अवघड भाग. आज लिहिलेला मजकूर उद्या, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्रोसेसरमधूनही त्याच अर्थाने उमटला पाहिजे. मराठी लेखकाच्या बाबतीत हा शब्द अजून पुरता पाळला जात नाही.

ही पद्धत ई-मेलच्या जुन्या सवयींतून आली. ठळक-तिरप्या अक्षरांची सोय नव्हती तेव्हा लोक जोर द्यायच्या शब्दाभोवती तारका टाकत, मथळ्याखाली चिन्हांची रेघ ओढत आणि दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना ओळीच्या आरंभी '>' टाकत. इयान फेल्डमन यांच्या 'सेटेक्स्ट'ने १९९०च्या दशकाच्या आरंभी या सवयींना नियमांचे रूप दिले. २००२मध्ये डीन ॲलन यांचे 'टेक्सटाइल' आणि स्टुअर्ट रॅकम यांचे 'ॲस्कीडॉक' आले. २००४मध्ये जॉन ग्रूबर यांनी मार्कडाउन प्रसिद्ध केले. त्याच्या रचनेत ॲरन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रामरचा सहभाग होता. ग्रूबर यांचा आग्रह असा की, प्रोसेसर हाताशी नसला तरी मजकूर आहे तसा वाचता आला पाहिजे. मार्कडाउन इतके टिकले ते या आग्रहामुळे.

या आग्रहाची किंमत मराठी प्रकाशनव्यवहाराला वेगळी सांगायला नको. युनिकोड रूढ होण्याआधी आपली असंख्य पुस्तके अशा फाँटांमध्ये जुळवली गेली, ज्यांत देवनागरी अक्षराच्या जागी प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतांक साठवलेले असत. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर गेले की फाइलमध्ये उरतात ती निरर्थक रोमन अक्षरे. शोध घेता येत नाही, नवी आवृत्ती काढायची तर पुन्हा टंकन करावे लागते. युनिकोडमधला मार्कडाउन मजकूर कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडतो. त्याच एका फाइलीतून संकेतस्थळाचे पान, ई-पुस्तक आणि छपाईची पीडीएफ काढता येते. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६मध्ये सुरू केलेला 'पॅनडॉक' हा प्रोग्राम हे काम उत्तम करतो.

पण मजकूर टिकला तरी त्याचा अर्थ टिकतोच असे नाही. ग्रूबर यांचा मूळ प्रोसेसर पर्ल भाषेत होता. डिसेंबर २००४मध्ये त्याची १.०.१ ही आवृत्ती आली. त्याचे काम मुख्यतः 'शोधा आणि बदला' या पायऱ्यांनी चाले. मधला एचटीएमएल मजकूर या फेऱ्यांत बिघडू नये म्हणून त्याच्या जागी एमडी५चा लांबलचक संकेतांक ठेवला जाई आणि शेवटी मूळ मजकूर परत बसवला जाई. सोबत ग्रूबर यांनी लिहिलेले वर्णन लेखकाला पुरेसे होते, पण दुसऱ्या भाषेत प्रोसेसर लिहिणाऱ्याला नव्हते. यादीच्या आत उपयादी करायला किती जागा सोडायच्या? अवतरणाआधी कोरी ओळ हवीच का? जोराच्या खुणा एकमेकींत अडकल्या तर कोणती कोणाशी जुळवायची? प्रत्येकाने आपापल्या समजुतीने उत्तर दिले, आणि एकाच फाइलीची निरनिराळी पाने तयार होऊ लागली.

यात भर म्हणजे मार्कडाउनमध्ये चूक नावाची गोष्टच नाही. प्रोग्रामिंगच्या भाषेत कंस बंद करायचा राहिला तर कंपायलर अडवतो आणि ओळ क्रमांक सांगतो. मार्कडाउनमध्ये जगातला कोणताही मजकूर वैध असतो. खूण अर्धवट राहिली तर प्रोसेसरने ती साधे अक्षर मानायची आणि पुढे जायचे. लेखकासाठी हे सुखाचे आहे. प्रोसेसर लिहिणाऱ्यावर मात्र प्रत्येक शक्य मजकुराचा अर्थ आधीच ठरवून ठेवण्याची जबाबदारी येते.

ती २०१४मध्ये 'कॉमनमार्क' या नियमावलीने उचलली. बर्कली येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड आणि इतर काही जाणकार त्यामागे होते. नियमावलीला आधी दिलेले 'स्टँडर्ड मार्कडाउन' हे नाव ग्रूबर यांच्या आक्षेपानंतर बदलले. तिचे खरे मोल तिच्या उदाहरणांत आहे. तिच्यात सहाशेहून अधिक उदाहरणे आहेत. प्रत्येकात आधी मजकूर आणि मग त्यातून निघायला हवे ते एचटीएमएल. ही उदाहरणे दस्तऐवजातून आपोआप बाहेर काढून कोणत्याही प्रोसेसरवर चालवता येतात. म्हणजे नियम सांगणारा आणि परीक्षा घेणारा दस्तऐवज एकच. माझ्या प्रोसेसरमध्ये एक ओळ बदलली तरी ही सगळी परीक्षा पुन्हा होते, आणि एखादे उदाहरण चुकले तर तो बदल प्रकाशित होत नाही.

प्रोसेसर दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात तो ओळीओळीने वाचत सांगाडा उभा करतो. हा मथळा, हे अवतरण, त्यात ही यादी, यादीतल्या बाबीत हा परिच्छेद. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक परिच्छेदाच्या आत शिरून जोर, दुवे आणि चित्रे शोधतो. दोन टप्पे लागतात, कारण एखाद्या दुव्याचा पत्ता दस्तऐवजाच्या अगदी शेवटी दिलेला असू शकतो. तो हाती आल्याखेरीज पहिल्या पानावरचा चौकोनी कंस दुवा आहे की नुसता कंस, हे ठरत नाही. नुसत्या जोराच्या खुणांसाठी नियमावलीत सतरा नियम आहेत. तारकेच्या लगेच आधी आणि लगेच नंतर काय आहे, मोकळी जागा, विरामचिन्ह की अक्षर, यावरून ती खूण उघडणारी की बंद करणारी हे ठरते.

मराठीची अडचण इथेच सुरू होते. 'महाराष्ट्र' हा शब्द दुहेरी तारकांमध्ये ठेवून त्याला चिकटून 'मध्ये' लिहिले तर सारे ठीक उमटते. पण 'विधेयक (सुधारित)' एवढा मजकूर तारकांमध्ये ठेवून त्याला 'मध्ये' जोडले की तारका तशाच पानावर दिसतात. बंद करणाऱ्या तारकांच्या आधी कंस, म्हणजे विरामचिन्ह आहे आणि नंतर अक्षर. नियमाच्या नजरेत ही खूण बंद करणारी ठरत नाही. अवतरणचिन्हाचेही तेच. तारकांऐवजी अधोरेषा वापरली तर कंस नसतानाही प्रत्यय लागताच जोर जातो, कारण शब्दाच्या मधोमध आलेली अधोरेषा खूण मानायची नाही असे ठरले आहे. फाइलींच्या आणि चलांच्या नावांत अधोरेषा असतात, त्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे.

हे नियम कोणी दुष्टाव्याने केलेले नाहीत. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडणाऱ्या आणि नामाला प्रत्यय न चिकटवणाऱ्या लेखनात ते चांगले चालतात. चिनी आणि जपानी लेखनात मोकळी जागाच नसते, म्हणून तिथल्या लोकांना हाच अडथळा आला आणि त्यांनी तो वारंवार मांडला. आपली स्थिती या दोहोंच्या मधली आहे. शब्दांत जागा असते, पण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात. हिंदीत 'में', 'से', 'पर' सुटे लिहिले जातात, त्यामुळे 'भारतीय भाषांची चाचणी' म्हणून हिंदी वाक्य घातले तर हा दोष दिसतच नाही. मराठीची चाचणी मराठी वाक्यानेच करावी लागते.

क्रमांकित यादीची गोष्ट आणखी सरळ आहे. कॉमनमार्कनुसार यादीचा क्रमांक फक्त इंग्रजी लेखनातल्या 0 ते 9 या अंकचिन्हांनी लिहिता येतो, तोही जास्तीत जास्त नऊ अंकी. त्याहून मोठ्या संख्येवर काही ब्राउझर गडबडतात, म्हणून ही मर्यादा. देवनागरी १, २, ३ लिहून केलेली यादी प्रोसेसरला यादी वाटत नाही आणि सगळ्या बाबी एका परिच्छेदात सलग उमटतात. कवितेचेही असेच होते. नुसती ओळ मोडली तर ती मोड मानली जात नाही, म्हणून अभंगाचे चरण गद्यासारखे एकापुढे एक लागतात. ओळ मोडण्यासाठी शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या असा मूळ नियम. या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि कित्येक एडिटर फाइल जतन करताना त्या पुसून टाकतात. कॉमनमार्कने ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ हा दिसणारा पर्याय दिला, हे चांगले झाले.

याहून खोलवरचे प्रश्न लिपीच्या साठवणीत आहेत. पायथॉन भाषेच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत, 'शब्दातले अक्षर' ओळखणारी जी खूण आहे, तिच्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार बसत नाहीत. मथळ्यावरून त्याचा पत्ता तयार करणारा कोड तिच्यावर विसंबला तर 'मराठी'चे 'मरठ' होते, आणि 'पुणे' व 'पाणी' या दोन मथळ्यांतून एकच 'पण' उरते. 'तऱ्हा' या शब्दातला अर्धा ऱ दोन रीतींनी साठवता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. पण दुव्याचे नाव एका रीतीने आणि त्याचा पत्ता दुसऱ्या रीतीने टंकित केला तर प्रोसेसरला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि दुवा जुळत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही जोडी एक होत नाही, ती वेगळी हाताळावी लागते.

मग हे सगळे एका फटक्यात दुरुस्त का करायचे नाही, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. देवनागरी अंकांना मी उद्यापासून यादी मानू लागले तर ज्यांनी आजवर 'परिच्छेद' म्हणून ते अंक लिहिले त्यांची जुनी पाने बदलतील. पुष्कळ वापरणारे असले की प्रोसेसरच्या प्रत्येक वर्तनावर, चुकीच्या वर्तनावरसुद्धा, कोणीतरी अवलंबून असतेच. म्हणून अशी सोय मी विस्तार म्हणून देते. तो मुळात बंद असतो, हवा त्याने चालू करावा आणि आपल्या फाइलीच्या आरंभी तसे नोंदवावे. नव्या सोयीला नकार देणे किंवा ती लांबणीवर टाकणे हा देखभालीचा मोठा हिस्सा आहे, आणि तो मी मनापासून करते.

दुसरा मोठा हिस्सा सुरक्षेचा. मार्कडाउनमध्ये थेट एचटीएमएल लिहिता येते. स्वतःच्या पुस्तकासाठी ही सोय आहे, अनोळखी माणसाने पाठवलेल्या मजकुरात ती धोका ठरते. कॉमनमार्कच्या 'सीमार्क' या सी भाषेतल्या प्रोसेसरने २०१९पासून असे एचटीएमएल आणि घातक दुवे आपणहून रोखायला सुरुवात केली. वेगाचीही एक बाजू सुरक्षेची आहे. प्रत्येक उघडा कंस आपल्या जोडीसाठी शेवटपर्यंत शोध घेऊ लागला तर १० हजार कंसांच्या एका ओळीसाठी पाच कोटींच्या आसपास तपासण्या होतात आणि सर्व्हर अडकून बसतो. असे मजकूर मुद्दाम तयार करून प्रोसेसरवर मारा करायचा, म्हणजे फझिंग करायचे, हा आमच्या दिनक्रमाचा भाग आहे. नीट लिहिलेला प्रोसेसर किती वेगवान असू शकतो याचा दाखला सीमार्कनेच दिला आहे. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'एवढा मजकूर दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवर तो १२७ मिलिसेकंदांत उमटवतो, असे त्याच्या माहितीपत्रकात नोंदवले आहे.

मराठीत मार्कडाउन वापरणाऱ्यांनी आजच करता येतील अशा काही गोष्टी आहेत. अवतरणचिन्हे आणि कंस तारकांच्या बाहेर ठेवा, म्हणजे प्रत्यय जोडला तरी जोर टिकतो. अधोरेषेपेक्षा तारका वापरा. यादीला 1, 2, 3 असे इंग्रजी अंक द्या आणि पानाच्या सजावटीत, म्हणजे सीएसएसमध्ये, यादीची शैली देवनागरी ठेवा. वाचकाला १, २, ३च दिसतील. कवितेच्या ओळीअखेर उलटी तिरकी रेघ द्या.

या युक्त्या तात्पुरत्या आहेत. कायमचा उपाय नियमावल्यांच्या आणि प्रोसेसरांच्या चाचण्यांत मराठी वाक्ये जाण्याचा आहे, कारण जे उदाहरण चाचणीत असते ते पुढच्या प्रत्येक आवृत्तीत सांभाळले जाते आणि जे नसते ते कोणाच्याही नकळत मोडते. त्यासाठी प्रोग्रामिंग यायला हवे असे नाही. तुमचा मजकूर चुकीचा उमटला तर सगळी फाइल पाठवू नका. दोष दाखवणारी एकच ओळ वेगळी काढा, ती कशी उमटली आणि कशी उमटायला हवी होती हे खाली लिहा, आणि तुम्ही वापरता त्या प्रोसेसरच्या देखभालकर्त्यांकडे पाठवा. मराठी चांगली जाणणाऱ्या प्रत्येकाने अशी एक ओळ पाठवावी, एवढीच या दिवाळीला माझी विनंती आहे.