कोरे पान

बारामतीच्या आमच्या घरातील जुना संगणक मोडीत काढावयाचे ठरले, तेव्हा त्यातील ठेवावे काय व टाकावे काय, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. वडिलांच्या फाइलींचा कप्पा मी फायरफॉक्समध्ये उघडला. प्रत्येक नावाशेजारी आपापल्या जातीचे चिमुकले चित्र होते. एका नावापुढे मात्र नुसते कोरे पान. नाव होते ‘पळसदेव. जुने गाव’. बिघडलेली फाइल समजून मी ती पुसणार, तोच आमच्या मूळ गावाचे नाव वाचून हात थबकला.

ही चित्रे फायरफॉक्सच्या पदरची नसतात. तो ‘मोझ-आयकॉन’ या शब्दाने आरंभ होणारा एक पत्ता रचतो, त्यात फाइलचे नाव व चित्राचा आकार, बहुधा १६ बिंदू, एवढेच लिहितो आणि संगणकाच्या कार्यप्रणालीकडे चित्र मागतो. ती पाहते नावातील शेवटच्या टिंबापुढचे शेपूट! ‘पीडीएफ’ असेल तर पीडीएफचे चित्र हाती येते. फाइलमध्ये काय लिहिले आहे, हे वाचण्याची तसदी कोणीच घेत नाही.

वडिलांनी नाव बदलताना मूळचे शेपूट खोडले होते आणि गावाच्या नावापुढे टिंब दिले होते. त्यामुळे ‘जुने गाव’ हीच फाइलची जात ठरली, आणि असली जात संगणकाच्या वहीत कोठली असणार? मी नावाअखेर ‘डीओसीएक्स’ जोडले. आतले एक अक्षरही न बदलता चित्र उमटले, फाइल उघडली.

आत अडीच पानांचा मजकूर होता. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील जी गावे गेली, त्यांत जुने पळसदेवही गेले. तेथील आळी, घरे, ओट्यावरची माणसे वडिलांनी एकेक करून नोंदली होती. पाणी ओसरले की पळसनाथाचे देऊळ वर येते, ते पाहावयास ते दर उन्हाळी एकटेच का जात, हे मला त्या दिवशी कळले.

वडिलांना आम्ही अबोल व हिशेबी समजत आलो. त्यांना गावाची आठवण येते काय, असे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही. संगणकाला तरी मी कोणत्या तोंडाने नावे ठेवावीत?